वाकडं वेज

मण्याला जे आरपार छिद्र असतं, त्याला वेज म्हणतात. हा शब्द साहेबरावांनी आपल्या शनिवारच्या पोरांना पहिल्याच दिवशी शिकवला होता. "भोक भांड्याला पडतं, वेज मण्याला पाडतात. पडणं आणि पाडणं यातला फरक ज्याला कळला, त्याला कारागिरी कळली," असं ते म्हणायचे.

साहेबराव एकाहत्तर वर्षांचे. त्यांनी चौतीस वर्षं ड्रिल मशीनवर काढली होती, आधी चिकलठाण्याला आणि शेवटची काही वर्षं शेंद्र्याला. निवृत्त झाल्यावर माणसं देश फिरतात, भजनाला लागतात किंवा मुलांच्या संसारात लुडबुड करतात. साहेबरावांना नाद लागला खड्यांचा. कुठं विहीर खणली जातेय, कुठं रस्त्यासाठी डोंगर फुटतोय असं कळलं की हे पिशवी घेऊन हजर. काळ्या दगडाच्या पोटातून गारगोट्या निघत, पट्ट्यापट्ट्यांचे अकीक निघत, एखाद्या वेळी जांभळे स्फटिकही निघत. हे सगळं घरातल्या बिस्किटांच्या डब्यांमध्ये भरलं गेलं आणि बिस्किटं पातेल्यात गेली. त्यावरून मालनबाईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, वर्षभर टोमणे मारले.

शनिवारी दुपारी उस्मानपुऱ्यातल्या विहाराच्या हॉलमध्ये सतरंजी अंथरायची, डबे उघडायचे आणि पंधरावीस पोरांना दगड हाताळू द्यायचे, असा त्यांचा वर्ग. त्यात गोष्टीही असत. पाचूकडं बघितलं की साप आंधळा होतो. नीलम घ्यायचा तर आधी तीन रात्री उशाखाली ठेवून निजायचं आणि स्वप्नं वाईट पडली तर मुकाट्यानं परत करायचा. स्वाती नक्षत्राचा थेंब शिंपल्यात पडला की त्याचा मोती होतो.

"आजोबा, हे खरं का?" सम्यक नावाचा एक चौकस पोरगा दर वेळी विचारायचा.

"गोष्ट खरी आहे, बाबा. हजार वर्षं माणसं सांगत आलीत. गोष्टीतलं खरं आहे का, ते तू शोध. आता हे बघ, माणिक आणि नीलम दोघं सख्खे भाऊ. दोघंही एकाच दगडाचे, कुरुंदाचे. आणि सुरीला धार लावणाऱ्याच्या चाकात असतो तोही कुरुंद. एक भाऊ राजाच्या मुकुटात जाऊन बसला, दुसरा गल्लोगल्ली सुऱ्या घासतोय. कष्ट कोण करतो?"

"धारवाला!" पोरं ओरडायची.

वर्गाचा नियम एकच होता. आधी बघा, मग बोला. हा नियम पोरांनी क्वचित मोडला. मोडला तो साहेबरावांनीच.

त्याचं असं झालं. वर्गात सत्यशीला नावाची दहा वर्षांची मुलगी यायची. तिचं घर दौलताबादला, मेंढरंवाल्यांचं. वडील मोतीराम शेंद्र्याच्या कंपनीत, धाकटा काका शिवशंकर घरचा कळप राखायचा आणि ही शाळेसाठी उस्मानपुऱ्यात मावशीकडं राहायची. शनिवारचा वर्ग आटोपून ती संध्याकाळच्या बसनं गावी जायची. त्या शनिवारी ती आली ती मूठ घट्ट मिटून. वर्ग संपत आला तेव्हा तिनं ती मूठ साहेबरावांपुढं उघडली.

आत एक मणी होता. बोटाच्या पेराएवढा, मधे फुगीर, दोन्ही टोकांना निमुळता. रंग मधाचा आणि मधोमध पांढऱ्या पट्ट्यात एक आडवी काळी रेघ.

"आजोबा, ह्याला मेंढीडोळा म्हनतात. आमच्या आजीच्या गळ्यातला हाय."

नाव ऐकून साहेबरावांना हसू आलं, कारण ते अगदी बरोबर होतं. मेंढीच्या डोळ्यातली बाहुली अशीच आडवी असते. त्या घरात सांगत की कुणा खापरपणज्याचा कळप वादळात फुटला होता, तेव्हा ओढ्याच्या वाळूत हा डोळा लकाकला आणि त्याच्या रोखानं चालत गेल्यावर सगळी मेंढरं एका कपारीत सापडली. तेव्हापासून कळप जिच्या हाती, मणी तिच्या गळ्यात. सासूनं सुनेला तो बांधायचा आणि सुनेनं त्याच पावली वाड्यातली मेंढरं मोजून बाहेर काढायची, अशी त्यांची रीत. आता शिवशंकरचं लग्न झालं होतं. येत्या बुधवारी नवी सून रूपा कळप हाती घेणार होती. तिच्यासाठी मण्याला चांदीच्या टोप्या बसवाव्यात म्हणून सत्यशीलाची आजी सुगंधाबाई हिनं तो शहरात सोनाराकडं धाडला होता. पण सोनाराची तार मधेच अडकली आणि त्यानं मणी परत केला. म्हणाला, वेज बिघडलंय, माल खोटा दिसतो, काच असंल.

सत्यशीलानं हे सगळं एका दमात सांगितलं आणि म्हणाली, "तुम्ही बघा ना. तुम्हाला खड्यांतलं समदं कळतं."

साहेबरावांनी मणी उजेडाकडं धरला आणि भिंगातून वेजात बघितलं. सरळ वेज असतं तर आत गोल उजेड दिसला असता. इथं चंद्रकोर दिसली. दोन भोकं मधे येऊन एकमेकांना जरा चुकली होती. चौतीस वर्षं असा तुकडा हाताशी आला की त्यांचं तोंड मेंदूच्या आधी चालायचं. ते तसंच चाललं.

"काच नाहीये ही. पण वेज चुकलंय, पोरी. आमच्या कंपनीत असता तर रिजेक्ट!"

पोरं हसली. रिजेक्ट हा शब्दच त्यांना गमतीचा वाटला. सत्यशीला हसली नाही. तिनं मणी रुमालात बांधला, चपला घातल्या आणि निघून गेली. बसची वेळ झाली असेल, असं साहेबरावांना वाटलं.

रविवारी सकाळी सम्यक त्यांच्या घरी आला. सत्यशीलाची मावशी आणि तो एकाच गल्लीत राहायचे आणि मावशीला रात्रीच गावाहून फोन आला होता.

"आजोबा, सत्यशीला आता वर्गाला येनार नाय म्हनं. तिच्या आजीनं मणी धान्याच्या कनगीत टाकला. सूनबाईला जत्रंतला मणी बांधनार हायेत. आजी म्हनली, सोनार बी तेच म्हनतो, मास्तर बी तेच म्हनतो, म्हंजी आमच्या सात पिढ्या येड्या. आन् सत्यशीलाला मार बसला, घरची वस्तू चारचौघांत दाखवली म्हनून."

चहा देता देता मालनबाई बोलल्या.

"चौतीस वर्षं लोखंडाला भोकं पाडली. आता पोरीच्या काळजाला पाडलं."

"मालन, वेज खरंच चुकलेलं होतं."

"असंल. पण तुम्ही बघितलं किती वेळ? पोरांना सांगता आधी बघा, मग बोला. तुमचं बोलून झालं, आता बघा तरी."

साहेबरावांना हे फार लागलं, कारण ते खरं होतं. त्यांनी काय बघितलं होतं? चूक बघितली होती. ती चूक करणाऱ्यानं कशी केली, का केली, हे विचारलंच नव्हतं. कंपनीत नवा पोरगा तुकडा बिघडवायचा, तेव्हासुद्धा ते आधी विचारायचे, "कसं केलंस, दाखव."

पण इथं दाखवणारा कोण होता? मग आपणच करून बघू, असं त्यांनी ठरवलं.

डब्यातून त्यांनी तसाच पट्ट्यांचा एक अकीक काढला. वीज वापरायची नाही, हे स्वतःशीच ठरवलं. शेजारच्या सुताराच्या माळ्यावर त्याच्या आज्याचं गिरमिट पडलं होतं. दोरी गुंडाळलेली काठी आणि दोरी मागंपुढं ओढायला कमान, असं जुनं हत्यार. त्याला तांब्याची बारीक सळई बसवली, दगडावर कुरुंदाची पूड पाण्यात कालवून घातली आणि कमान ओढायला सुरुवात केली. घर्र घर्र, घर्र घर्र.

दुपार झाली. संध्याकाळ झाली. बोटांना फोड आले. भोक पडलं होतं तांदळाच्या अर्ध्या दाण्याएवढं.

"मिक्सर बिघडल्यागत आवाज येतोय," मालनबाई आतून म्हणाल्या. "किती राहिलं?"

"सगळंच राहिलं."

सोमवारी त्यांनी शहाणपण केलं. पुरता मणी दोन दिवसांत होणार नाही हे कळलं, म्हणून पातळशी एक चकती घेतली आणि एकाच बाजूनं भोक पाडायला घेतलं. दिवस मावळता मावळता सळई पलीकडं निघाली. निघताना टक् असा आवाज झाला. साहेबरावांनी चकती उलटी केली. पलीकडच्या बाजूला भोकाभोवती नखाएवढा कपचा उडाला होता.

ते तसेच चकती हातात धरून बसून राहिले. मग एकदम हसले. मालनबाई बाहेर आल्या.

"काय झालं?"

"मालन, मी गाढव आहे."

"हे कळायला दगड कशाला फोडायचा?"

"अगं ऐक. पोलादात ड्रिल पलीकडं निघताना काठ फाटतो, म्हणून आम्ही तुकड्याखाली टेकू देतो. दगडाचा तर कपचाच उडतो. आणि मण्याला टेकू देणार कुठं? म्हणून त्या माणसानं अर्धं वेज ह्या टोकानं पाडलं, मणी उलटा केला आणि अर्धं त्या टोकानं. आंधळ्यानं अंधाऱ्या बोगद्यात दुसऱ्या बाजूनं येणाऱ्याचा हात धरावा, तसं. आणि चुकला किती? केसभर! त्याला मी रिजेक्ट म्हणालो."

मालनबाईंनी चकती घेतली, उडालेल्या कपच्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाल्या, "बुधवारी मी पण येते. तुम्ही एकटे गेलात तर पुन्हा काहीतरी बोलाल."

बुधवारी सकाळी दोघं बसनं दौलताबादला उतरले. सत्यशीलाचे आजोबा मल्हारराव यांचं घर किल्ल्याच्या पायथ्याच्या वस्तीत. घरामागं काटेरी कुंपणाचा वाडा, त्यात मेंढरं दाटीवाटीनं उभी. अंगणात भावकीतली वीसपंचवीस माणसं जमलेली. मल्हाररावांनी ओळखलं नाही, तरी पाहुणे म्हणून पुढं झाले.

"राम राम."

"जय भीम, मल्हारराव. मी साहेबराव. सत्यशीलाचा... दगडवाला."

मल्हाररावांचा चेहरा जरा बदलला. तेवढ्यात ओट्यावरून सुगंधाबाईचा आवाज आला. साठीची, उंच, काटक बाई. गळा मोकळा होता.

"या मास्तर, या. रिजेक मालाच्या घरी काय काम काढलं?"

अंगणात खसखस पिकली. सत्यशीला दाराआडून बघत होती. साहेबरावांनी तिच्याकडं बघितलं, मग सुगंधाबाईकडं.

"माफी मागायला आलोय. तुमचीही आणि हिचीही. हिनं मला बघा म्हणून मणी दाखवला आणि मी न बघता बोललो. चूक मण्याची नव्हती, माझी होती. तुम्ही मणी दाखवलात तर कशी ते सगळ्यांपुढं सांगतो. नाही दाखवलात तरी माफी मागून झालीय, मी चहा न पिताही जाईन."

"चहा न पिता जाऊन आमाला नाव ठिवता व्हय?" सुगंधाबाई म्हणाली. ती थोडा वेळ ओट्याची कड चाचपत बसली. मग म्हणाली, "सत्ये, कनगीतली पुरचुंडी आन."

मणी आला. साहेबरावांनी खिशातून भिंग आणि चकती काढली. पोरं आपोआप जवळ सरकली. मोठी माणसं आपण बघत नाही असं दाखवत सरकली.

"ही चकती मी केली," साहेबराव म्हणाले. "एक अख्खा दिवस, तीन फोड. एका बाजूनं भोक पाडलं, तर दुसऱ्या बाजूला हे बघा काय झालं. आता तुमच्या मण्याची दोन्ही टोकं बघा. सत्यशीला, तू सांग, कपचा आहे?"

सत्यशीलानं भिंग डोळ्याला लावलं. ती लगेच बोलली नाही. एक टोक बघितलं, मणी फिरवला, दुसरं टोक बघितलं, पुन्हा पहिलं बघितलं.

"नाय. दोनीकडनं गुळगुळीत हाय."

"मग वेज पाडलं कुठून?"

ती विचारात पडली. मग तिचे डोळे मोठे झाले. "दोनीकडनं! निम्मं इकडनं, निम्मं तिकडनं. म्हनून मधी अडकतं!"

"शाब्बास. मी चौतीस वर्षं मशीनवर होतो. वर तेलाची धार, खाली टेकू, हातात मोजायचं यंत्र. तरी केसभर चुकायचो. ह्या माणसाजवळ असलंच काही नव्हतं. काठी, दोरी, चिमूटभर पूड आणि हात. आत काय चाललंय ते त्याला दिसत नव्हतं. तरी दोन्ही भोकं येऊन भेटली. वाकडं वेज म्हणजे हाताची सही आहे, सुगंधाबाई. मशीनचं वेज सरळ असतं, पण त्यात कुणी माणूस नसतो."

वाड्यात एक मेंढरू खोकलं.

"किती जुना आसंल?" मल्हाररावांनी विचारलं.

"ते मी सांगणार नाही. ते सांगणारी माणसं वेगळी असतात. एकदा न बघता बोलून बसलोय. पण एवढं माहीत आहे की हा दगड परका नाही. आपल्याच काळ्या दगडाच्या पोटात, पोकळीत पाणी झिरपून थरावर थर बसत हा तयार होतो. दोन हजार वर्षांपूर्वी आपल्या पैठणहून असले दगड गाड्या भरभरून भडोचच्या बंदराला जायचे आणि तिथून जहाजांतून पार रोमच्या बाजारात. परक्या देशाच्या खलाशांनी ते लिहून ठेवलंय. राजेराण्यांच्या अंगठ्यांत आपल्या मातीतला दगड होता. आणि तो घासणारे, विंधणारे हात इथंही होते. पैठणच्या, भोकरदनच्या जुन्या पांढरीत, म्हणजे मोडलेल्या वस्तीच्या मातीत, असले मणी सापडलेत."

"ते समदं बराबर," कचरू नावाचा भावकीतला एक तरुण मागून म्हणाला. त्याला मास्तरची फिरकी घ्यायची होती. "पर मणी पावतो का नाय, ते सांगा. कळपाला राखतो का?"

हा प्रश्न येणार हे साहेबरावांना आणि मालनबाईंना माहीत होतं. साहेबरावांच्या बापानं धम्म स्वीकारला तेव्हा घरातले ताईत, अंगठ्या, गंडे असं सगळं सोडलं होतं. खडा ग्रह फिरवतो हे साहेबरावांनी कधी मानलं नव्हतं. आज हो म्हटलं असतं तर सगळ्यांना गोड वाटलं असतं.

"मी नाही मानत," ते म्हणाले. "तुमचं मानणं मोडायला आलो नाही आणि खोटं बोलायलाही आलो नाही. कळप राखतात ती माणसं. वादळात फुटलेल्या मेंढरांमागं जो रातभर चालला, तो तुमचा आजा मोठा. आणि ज्यानं हा मणी विंधला, तो कोण होता कुणास ठाऊक, तोही मोठा. दोन्ही मोठेपणं खरी आहेत. ती गळ्यात घालायला मला तरी अभिमान वाटेल."

कचरूनं तोंड उघडलं, पण सुगंधाबाईनं हात वर केला. तिनं मणी तळहातावर घेतला. इतकी वर्षं तो तिच्या गळ्यात होता, पण तिनं तो असा उजेडात धरून बघितला नव्हता. एक डोळा मिटून तिनं वेजातून आरपार बघितलं.

"चांद दिसतो," ती हळूच म्हणाली. "कवळा चांद." मग मोठ्यानं, "त्या मानसाचं नाव काय आसंल, मास्तर?"

"नाव नाही राहिलं."

"नसू दे. हात ऱ्हायला." ती सुनेकडं वळली. "काय गं रूपा, वाकड्या भोकाचा चालंल का तुला? का जत्रंतला बांधू?"

रूपा डोक्यावरचा पदर सावरत पुढं आली. लग्नाला पंधरा दिवसही झाले नव्हते, पण जीभ तयार होती.

"आत्याबाई, सरळ भोकाचे तर जत्रंत पाटीभर मिळतात. हे मिळंल व्हय?"

पुन्हा अंगण हसलं, पण आताचं हसू वेगळं होतं. सुगंधाबाईनं लोकरीचा काळा पीळ तिच्या हाती दिला. रूपानं तो मण्यात घातला. निम्म्यावर अडकला. तिनं रेटला. वाकला.

"रेटू नको. दोऱ्याला नको, मण्याला फिरव. आमच्या सासूनं मला आसंच शिकिवलं व्हतं. का, ते तिलाबी ठाव नव्हतं."

रूपानं मणी बोटांत हळूच फिरवला. पीळ थरथरला, पायरी सापडली आणि तो पलीकडं निघाला. सुगंधाबाईनं तो तिच्या गळ्यात बांधला, गाठ मारली आणि मागं सरून बघितलं. कुणी टाळी वाजवली नाही, तशी त्यांच्यात पद्धत नव्हती. मल्हाररावांनी फक्त भंडारा उधळला.

आता रूपानं वाड्याचं झापं उघडून मेंढरं मोजत सोडायची. पण तेवढ्यात गल्लीतल्या बायका काय चाललंय म्हणून आल्या आणि सुगंधाबाई वाड्याच्या तोंडाशीच उभी राहून सांगू लागली.

"दोनीकडनं पाडलंय, बरं का! निम्मं इकडनं, निम्मं तिकडनं. मधी केसाचा फरक. कंपनीतला मोठा कारागीर हाय ह्यो, चौतीस वर्सं मशनीवर, त्यो सोताच्या तोंडानं म्हनतो, माझ्या हातनं नसतं झालं. सत्ये, ती काच दे हिला. आगं, आशी नको धरूस, एक डोळा झाक. दिसलं का टोक? कपचा हाय का कुठं?"

सत्यशीला भिंग घेऊन रूपाच्या गळ्याशी उभी होती आणि एकेकीला जवळ बोलवत होती. "आधी बघा. मग बोला," ती प्रत्येकीला बजावत होती. रूपा मान उंच करून उभी. आत मेंढरं झाप्याला धडका देत होती.

"आगं ए," मल्हारराव ओरडले, "मेंढरं उपाशी हायेत!"

"ऱ्हाऊ द्या घटकाभर," सुगंधाबाई वळून न बघताच म्हणाली. "इतक्या पिढ्या कुनी बघितलं नाय. आज बघू द्या."